वारा बंद करता येत नाही, चक्कीच आवरावी लागते

मागच्या अंकात डेन्मार्कमधल्या एका जुन्या पवनचक्कीचा फोटो टाकला होता, कोपनहेगनच्या उत्तरेला ल्युंगबीला फ्रिलँड्सम्युझेएट म्हणून मोठं उघड्यावरचं म्युझियम आहे तिथला, आणि खाली जेमतेम दोन ओळी लिहिल्या होत्या. तेवढ्यावर इतकी पत्रं आणि मेसेज येतील असं खरंच वाटलं नव्हतं. म्हणून ह्या वेळचं सगळं सदर चक्कीलाच देऊन टाकतोय. बाकीच्यांचे प्रश्न पुढच्या महिन्यात, रागावू नका.

प्रश्न : काका, आम्ही मे महिन्यात मुलाकडे गेलो होतो तेव्हा हेच म्युझियम पाहिलं. दोन पवनचक्क्या दिसल्या आणि दोन्ही ढिम्म उभ्या. वारा तर इतका होता की माझी ओढणी सारखी उडत होती. मग चालवत का नाहीत? नुसत्या शोपीस म्हणून ठेवल्यात का?

ताई, तुमची निराशा कळतेय मला, कारण मी पण पहिल्यांदा गेलो तेव्हा तासभर बाकावर बसून वाट बघितली होती की आता फिरेल मग फिरेल. नाही फिरली. नंतर थोडं वाचलं, आत जाऊन लाकूडकाम नीट बघितलं, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की पवनचक्कीचं खरं कसब फिरवण्यात नाहीच, थांबवण्यात आहे. फिरवायला काय, वारा फिरवतोच. पाणचक्की असती तर पाण्याची फळी टाकली की काम संपलं. वाऱ्याला कुठली फळी टाकणार?

आत एक आडवी जाडजूड लाट असते, म्हणजे फिरणारा लाकडी दांडा, तिच्या बाहेरच्या टोकाला पाती आणि आतल्या बाजूला माणसापेक्षा उंच असं लाकडी दातेरी चाक. त्या चाकाच्या कडेवरून लाकडी ठोकळ्यांचा एक पट्टा वळसा घालून गेलेला असतो, हाच ब्रेक. पट्ट्याचं एक टोक एका जड तुळईला अडकवलेलं असतं, तुळई आपल्या वजनाने खाली बसते आणि पट्टा आवळला जातो. म्हणजे दोरी ओढून तुळई वर उचलून ठेवली तरच चक्की मोकळी, दोरी सोडली की ब्रेक लागला. सायकलच्या बरोब्बर उलट. रेल्वेच्या डब्याचा ब्रेक पण ह्याच अकलेवर चालतो, पाइपातली हवा गेली की तो आपोआप लागतो. मला तर हे बघून इतकं बरं वाटलं, की शेकडो वर्षांपूर्वी कुणा सुताराने विचार केला होता, माणूस घसरला, दोरी तुटली, काहीही झालं तरी यंत्राने थांबायलाच हवं.

पण हा ब्रेक लाकडावर लाकूड घासणारा. जोराच्या वाऱ्यात भरधाव चक्कीवर एकदम दाबला तर धूर निघतो, मग ठिणग्या, आणि आत सगळीकडे काय तर सुकं लाकूड आणि पिठाची धूळ. युरोपभर कितीतरी पवनचक्क्या अशा स्वतःच्याच ब्रेकने जळाल्यात. त्यामुळे तुमची ओढणी उडवणारा झोंबरा, मधेच जोर धरणारा मधेच पडणारा वारा चक्कीला नकोच असतो, तिला एकसारखा वाहणारा हवा. त्यात म्हाताऱ्या चक्क्यांची पाती खाली पार माणसाच्या डोक्याच्या उंचीला येतात, अशा यंत्राभोवती शाळेच्या सहली फिरतायत आणि तुम्ही ब्रेक काढाल? मी तर नाही काढणार.

प्रश्न : त्या दोन चक्क्या वेगवेगळ्या का दिसतात? एक म्हणजे लाकडी खोकं पायावर उभं केल्यासारखी, दुसरी जाड बुरुजासारखी.

चांगलं बघितलंत. खोक्यासारखी आहे ती जुन्या जातीची, डॅनिश लोक तिला 'स्टुबमोले' म्हणतात, स्टुब म्हणजे खुंट आणि मोले म्हणजे चक्की, तर आपण खुंटचक्की म्हणू. म्युझियममधली कार्ल्स्ट्रुप गावातून आणलेली आहे, 1662 सालची. ह्यात अख्खी चक्की, म्हणजे भिंती, छप्पर, दगड, दातेरी चाकं, धान्याची पोती आणि स्वतः चक्कीवाला सुद्धा, हे सगळं एका उभ्या ओकच्या खुंटावर तोललेलं असतं. वारा फिरला की हे सगळंच्या सगळं घर फिरवायचं. मागून एक लांब दांडा शेपटीसारखा तिरका जमिनीपर्यंत आलेला दिसला असेल, तो त्याचसाठी. त्याला पाठ लावून रेटायचं, किंवा जमिनीत गोलाकार पुरलेल्या खुंट्यांपैकी एकीला साखळी अडकवून रहाटाने ओढायचं. वारा किती वेळा बदलतो ह्याचा काही नेम नाही, एखाद्या दिवशी दोनदा, एखाद्या दिवशी दहादा, आणि रात्री पण. चक्कीवाल्याच्या झोपेचं काय होत असेल त्याचा विचार करा.

दुसरी म्हणजे फुग्लेवाडची, 1832 मधली, ही डच पद्धतीची. ह्यात अंग जागेवर पक्कं, फक्त वरची टोपी फिरते, पाती तिच्यातच बसवलेली. फरक एवढासाच वाटतो, पण त्याने सगळं बदललं. फिरवायचं वजन कमी झालं म्हणून अंग हवं तेवढं मोठं आणि उंच बांधता यायला लागलं, त्यात दगडांच्या दोन-तीन जोड्या मावल्या, पाती लांब झाली. पुढे तर टोपीच्या पाठीमागे एक छोटा पंखा बसवायला लागले, हा पंखा मोठ्या पात्यांना काटकोनात असतो. वारा समोरून नीट येत असेल तेव्हा हा गप्प. वारा जरा तिरका झाला की तो ह्याला लागतो, हा गरगरायला लागतो आणि दातेरी चाकांमधून हळूहळू अख्खी टोपी वळवतो, परत वाऱ्याकडे तोंड झालं की आपोआप थांबतो. ही युक्ती 1745 ला इंग्लंडमध्ये एडमंड लीने पेटंट केली. कंप्युटर नाही, सेन्सर नाही, काही नाही, मला तर हे अजून जादूच वाटते आणि आयुष्य मशीनवर घालवून पण वाटते.

अजून एक गंमत. कार्ल्स्ट्रुपची चक्की दुसरीकडून सोडवून आणून इथे उभी केलेली, पण फुग्लेवाडची जिथे बांधली तिथेच आहे. म्हणजे तिला म्युझियममध्ये आणलेलं नाही, म्युझियमच तिच्यापर्यंत येऊन पोचलं. खाली मोलेओ नदी आहे, नावातच मोले, म्हणजे चक्कीची नदी. ह्या छोट्याशा नदीवर एका रांगेत नऊ पाणचक्क्या होत्या, फुग्लेवाडला पण एक होती, आणि त्यांच्यातूनच पुढे कापडाचे, कागदाचे, धातूचे कारखाने निघाले. डेन्मार्कच्या उद्योगांचं माहेर म्हणतात त्या खोऱ्याला.

प्रश्न : वादळ आलं तर मग काय करायचे हो ते लोक? ब्रेक पण लावायचा नाही म्हणताय.

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला.

आधी एक हिशेब लक्षात घ्या. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ताकद दुप्पट नाही होत, आठपट होते. म्हणजे सकाळी छान मंद दळण चाललंय आणि दुपारी वारा दुपटीने वाढला तर तेच यंत्र, तेच लाकडी दाते, त्यांच्यावर आठपट ताकद धडकणार. म्हणून चक्कीवाला पीठ बघायचा त्यापेक्षा आभाळ जास्त बघायचा.

पात्यांना नुसती लाकडी जाळी असते, शिडीसारखी, तिच्यावर कापड पसरायचं, अगदी जहाजाच्या शिडासारखं. वारा कमी तर पूर्ण कापड, वारा वाढला तर अर्धं गुंडाळायचं, अजून वाढला तर नुसत्या टोकाला ठेवायचं किंवा काढूनच टाकायचं, उघड्या जाळीवर पण ती फिरते. आता हे करायचं कसं, तर चक्की थांबवायची, एक पातं बरोबर खाली आणायचं, त्या जाळीवर पाय देत वर चढायचं, दोऱ्या सोडून कापड पिळून बांधायचं, उतरायचं, ब्रेक जरा ढिला करून दुसरं पातं खाली आणायचं, परत चढायचं. चार पाती, चार वेळा. जानेवारीत कापड भिजून गोठलं की पत्र्यासारखं कडक होतं आणि बोटं चालत नाहीत. आणि हे सगळं वारा वाढत असताना करायचं, कारण वाढायच्या आधी कळलं असतं तर केव्हाच केलं असतं ना!

आणि उशीर झाला तर? चक्की सुटली, ब्रेकला दाद देत नाही, तर अनुभवी माणूस ब्रेक दाबत बसत नाही, तो धान्य वाढवतो. ऐकायला उलटं वाटेल. दगडांमध्ये जास्तीत जास्त धान्य सोडायचं आणि वरचा दगड खाली आणून दाबायचा, म्हणजे चक्कीला इतकं काम द्यायचं की ती दमली पाहिजे. धान्य संपू द्यायचं नाही काही झालं तरी, कारण मधे घास नसेल तर दगडावर दगड घासून ठिणग्या उडणार, आणि मग खेळ खल्लास. त्यासाठी काही चक्क्यांमध्ये धान्याच्या पेटीत एक पट्टी आणि तिला घंटा बांधलेली असायची, धान्याच्या वजनाने पट्टी दबलेली राहायची, धान्य खाली गेलं की सुटायची आणि घंटा वाजायला लागायची. जमलं तर दुसरीकडे टोपी हळूहळू वाऱ्याच्या बाहेर वळवायची. पण पूर्ण पाठ नाही करायची, मागून जोरदार वारा लागला तर पात्यांसकट टोपीच उचलून फेकली जाऊ शकते, ती फक्त समोरचा दाब सहन करायला बनवलेली असते.

पुढे कापडाच्या जागी झडपा आल्या, खिडकीच्या असतात तशा लाकडी पट्ट्या, सगळ्या एका दांड्याला जोडलेल्या. 1807 ला विल्यम क्युबिटने अशी व्यवस्था केली की चक्की न थांबवता आतून साखळीला वजन लावून झडपा उघडता-मिटता येतील, आणि वारा फार झाला की त्या दाबाने स्वतःच उघडून वारा जाऊ देतील. डेन्मार्कच्या मोठ्या चक्क्यांनी पण हे घेतलं. चक्कीवाल्यांच्या बायकांनी ह्या क्युबिटला किती दुवा दिला असेल.

प्रश्न : पवनचक्की म्हटलं की हॉलंड. डेन्मार्कचं काय मधेच? — एक खडूस वाचक (स्वतःच असं लिहिलंय!)

खडूस साहेब, हॉलंडच्या बऱ्याच प्रसिद्ध चक्क्या पाणी उपसायला होत्या, जमीन समुद्रातून काढायची म्हणून. डॅनिश चक्की मुख्यतः दळायला, राय (गव्हासारखंच एक धान्य) आणि बार्ली. रायची काळी पोळपाटाएवढी जड पाव-भाकर आणि बार्लीचं भरड, त्याची लापशी, ह्यावर तो देश शतकानुशतकं जगला. आणि वाऱ्याचं म्हणाल तर देश सपाट, नद्या लहान आणि उताराशिवायच्या, मग पाणचक्की सगळीकडे कशी चालणार. किती सपाट ते सांगतो. अख्ख्या डेन्मार्कमधला सगळ्यात उंच नैसर्गिक पॉइंट म्हणजे मोलेहोय, उंची 170.86 मीटर. नावाचा अर्थ? चक्कीची टेकडी! 1838 ते 1917 तिथे खरोखर चक्की होती आणि तिचा दगड अजून तिथे पडलेला आहे. शेजारच्या दोन टेकड्यांना लोक वर्षानुवर्षं सगळ्यात उंच समजत होते, 2005 च्या मोजणीत कळलं की ही काही सेंटिमीटरने वर आहे. चक्कीवाल्याने मोजमाप न करता जागा बरोबर निवडली होती असं म्हणायला माझी हरकत नाही.

प्रश्न : दळण आत नेमकं कसं होतं? आम्हाला खाली उभं करून गाइडने पटपट सांगितलं, डॅनिशमध्ये, कळलं काहीच नाही.

वरून सुरू करू. पाती हळू फिरतात, मिनिटाला पंधरा-वीस फेरे धरा. आडव्या लाटेवरचं मोठं दातेरी चाक एका उभ्या शाफ्टच्या छोट्या चाकाला फिरवतं, तिथे वेग वाढतो, खाली परत मोठ्या चाकातून छोट्या चाकाला, परत वाढतो. दगडापर्यंत पोचेपर्यंत मिनिटाला शंभर-सव्वाशे फेरे. बऱ्याच ठिकाणी एक चाक लोखंडी आणि त्याला भिडणारे दाते लाकडाचे असतात. आवाज कमी होतो आणि काही अडकलंच तर लाकडी दाता तुटतो, चाक वाचतं. दाता काय, एक बाहेर ठोकून काढायचा, दुसरा बसवायचा.

दगडांची जोडी, खालची तळी बसून, वरची फिरती. वरचीचं वजन सहज एक टन किंवा वर. दोघींमध्ये फट किती, तर मधोमध जरा जास्त आणि कडेला कागदाच्या जाडीएवढी. मधल्या भोकातून धान्य पडतं, दगडांवर कोरलेल्या चरांमधून कापलं जात जात बाहेर सरकतं आणि कडेने पीठ होऊन बाहेर पडतं. हे चर बोथट झाले की अख्खा दगड उचलून उलटा करायचा आणि टाकी लावायची, छोट्या पोलादी हत्याराने एक-एक चर परत ठोकून काढायचा, तासन्‌तास, कोपरावर टेकून. पोलादाच्या कपच्या उडून हाताच्या पाठीत रुतून काळे डाग पडायचे. जुन्या काळी टाकी लावणारा फिरता कारागीर कामाला आला की चक्कीवाला म्हणे आधी त्याचे हात बघायचा, डाग असले तर गडी अनुभवी.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. वर धान्याची पेटी, तिच्या खाली एक तिरकी लाकडी पन्हळ दोरीवर लोंबकळत. वरच्या दगडाबरोबर एक चौकोनी दांडा फिरत असतो आणि त्याचे चार कोपरे त्या पन्हळीला टपटपटप आपटत राहतात, त्या हादऱ्याने दाणे थोडे थोडे गळतात. वारा वाढला, दगड जोरात, टपटप जोरात, दाणे जास्त. वारा पडला, टपटप मंद, दाणे कमी. मापात घास भरवायला माणूस लागत नाही. आणि चक्कीवाला दुसऱ्या मजल्यावर जरी असला तरी त्या आवाजावरून त्याला वाऱ्याचं कळतं. खाली पीठ पडतं तिथे तो अंगठा आणि तर्जनीत चिमूट चोळून बघणार, खरखरीत असेल तर दगड जवळ, गरम लागलं तर दगड वर.

एक भानगड मात्र होती, वेग वाढला की वरचा दगड जरा वर उचलला जायचा आणि पीठ जाडं पडायचं. त्यावर उपाय म्हणून दोन लोखंडी गोळे, फिरता फिरता बाहेर फाकणारे, वेग वाढला की ते फाकतात आणि एका तरफेने दगड खाली आणतात. इंजिनिअरिंग केलेल्यांना ओळखीचं वाटत असेल! वॉटचा गव्हर्नर, म्हणजे वेग आपोआप ताब्यात ठेवणारी जोडणी, म्हणून शिकवतात तोच. जेम्स वॉटने 1788 ला तो वाफेच्या इंजिनाला लावला, पण त्याआधी तो पवनचक्क्यांमध्ये होता. कॉलेजमध्ये आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

प्रश्न : काका स्पष्ट विचारतो, ती 1662 ची चक्की खरंच 1662 ची आहे का? पाती नवी, फळ्या नव्या, मग जुनं काय उरलं?

बाळा, पातं म्हणजे उन्हापावसात, बर्फात राहणारं लाकूड, ते काही दशकांत कुजतंच. 1700 साली पण बदलावं लागत असेल. चक्कीवाल्याच्या दृष्टीने पातं बदलणं म्हणजे तुझ्या स्कूटरचं टायर बदलणं, त्याने स्कूटर नवी होत नाही. खुंट, मुख्य तुळया, सांगाडा, सांध्यांवर सुताराने कोरलेल्या खुणा, ह्यात वय असतं. त्या खुणांमुळेच अशा चक्क्या हलवता येत होत्या, प्रत्येक सांध्याला नंबर, सोडवायचं, गाड्यावर घालायचं, दुसरीकडे जुळवायचं. म्युझियमं निघायच्या आधीपासून खुंटचक्क्या अशा विकल्या जायच्या आणि दुसऱ्या गावात नेऊन उभ्या केल्या जायच्या, म्हणजे जागा बदलणं हा पण तिच्या आयुष्याचाच भाग.

म्युझियमची कल्पना बर्नहार्ड ओल्सेन ह्या माणसाची. मजेशीर गडी, कोपनहेगनचं टिव्होली आहे ना, ते मनोरंजनाचं गार्डन, त्याचा डायरेक्टर होता. 1878 ला पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याने स्वीडनच्या हाझेलियसने मांडलेली शेतकऱ्यांच्या घरांची दृश्यं पाहिली आणि डोक्यात किडा शिरला. ओल्सेनला नुसता देखावा नको होता, खरं घर, खऱ्या सामानासकट हवं होतं. 1897 ला कोपनहेगनमध्ये रोझेनबॉर्ग राजवाड्याच्या बागेपाशी सुरुवात केली, जागा पुरेना म्हणून 1901 ला ल्युंगबीला हलवलं. आज तिथे पन्नासच्या वर शेतघरं, चक्क्या, झोपड्या आहेत, 1650 ते 1940 ह्या काळातल्या. 1920 पासून ते डेन्मार्कच्या नॅशनल म्युझियमचा भाग आहे. माझं वैयक्तिक मत विचाराल तर करमणुकीच्या धंद्यातला माणूस होता म्हणूनच ते म्युझियम कंटाळवाणं झालं नाही.

प्रश्न : तेव्हा कुणीही चक्की टाकू शकायचं का?

छे. चक्कीला राजाची परवानगी लागायची आणि ठरावीक गावांनी ठरावीक चक्कीतच दळायचं अशी सक्ती असायची. चक्कीवाला मजुरी पैशात कमी, धान्यात जास्त घ्यायचा, एका मापट्याने तुमच्याच पोत्यातून काढून. ते मापटं किती दाबून भरलं ह्यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणं, त्यामुळे युरोपभर चक्कीवाला म्हणजे चोर अशीच ख्याती, डेन्मार्क अपवाद नाही. 1852 च्या कायद्याने ही मक्तेदारी मोडायचं ठरलं, आणि 1862 पासून धंदा मोकळा झाला, मग मात्र गावोगावी चक्क्या उगवल्या. नंबर लावण्यावरून त्यांच्याकडे एक म्हण आहे, जो चक्कीवर पहिला येतो त्याचं दळण पहिलं. आज पण बँकेच्या रांगेपासून सेलपर्यंत सगळीकडे वापरतात, चक्की बघितलेली नसली तरी.

प्रश्न : आताच्या त्या पांढऱ्या विंड टर्बाइनचा आणि ह्या जुन्या चक्कीचा काही संबंध आहे का, की उगाच जोडतात?

आहे, आणि चांगलाच थेट. डेन्मार्कच्या पश्चिमेकडच्या जटलंडमध्ये आस्को गावच्या लोकशाळेत, म्हणजे मोठ्या वयाच्या लोकांच्या निवासी शाळेत, पोल ला कूर नावाचे शिक्षक होते, मूळचे हवामानशास्त्रज्ञ. 1891 ला त्यांनी सरकारी पैशातून शाळेजवळ एक प्रयोगाची चक्की उभी केली, दळायला नाही, वीज करायला. वारा पडल्यावर वीज कुठून आणायची, तर त्यांनी विजेने पाण्याचं विघटन करून हायड्रोजन साठवला आणि त्यावर शाळेचे दिवे लावले, 1895 पासून काही वर्षं. हायड्रोजनमध्ये थोडा ऑक्सिजन मिसळला की धडाम, शाळेच्या खिडक्यांच्या काचा बऱ्याचदा बदलाव्या लागल्या. आज जग ग्रीन हायड्रोजन म्हणून ज्याचा गाजावाजा करतंय ते एका खेड्यातल्या मास्तरने तेव्हा करून बघितलेलं.

त्यांनी छोटे पंखे करून वाऱ्याच्या बोगद्यात तपासले आणि निष्कर्ष काढला की विजेसाठी पाती थोडी आणि वेगात फिरणारी हवीत. त्यांच्या कोर्सला 1904 ला योहानेस युल नावाचा एक पोरगा होता, त्याने म्हातारपणी, 1957 ला गेड्सरला तीन पात्यांची 200 किलोवॉटची टर्बाइन उभी केली, ती दहा वर्षं चालली आणि आजच्या बहुतेक टर्बाइनची आजी तीच. आता डेन्मार्कची निम्म्याहून जास्त वीज वाऱ्यातून येते. आणि बघा, टर्बाइनमध्ये पण अर्धी अक्कल थांबवण्याचीच आहे. वादळात पाती आपल्या अंगाला वळवून वाऱ्याला धार दाखवतात आणि मशीन उभं राहतं. लोक फोन करून विचारतात, एवढा वारा आहे आणि बंद का! ताई, तुमचाच प्रश्न.

प्रश्न : जुन्या चक्कीची पाती उलटी फिरतात असं ऐकलं, खरं का?

समोर उभं राहून बघितलं तर उत्तर युरोपातल्या जुन्या चक्क्या बहुतेक घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात आणि आजच्या टर्बाइन घड्याळाप्रमाणे. म्हणून सिनेमात जुनी चक्की कंप्युटरने फिरवलेली असली तर दिशा बघा, बऱ्याचदा पकडता येते.

प्रश्न : जायचं कसं आणि केव्हा?

कोपनहेगनहून होल्टेच्या दिशेची लोकल पकडा, तिला एस-टोग म्हणतात, सॉर्गनफ्री स्टेशनला उतरा आणि दहा मिनिटं चाला. दुसरं गेट ब्रेदेच्या बाजूला आहे, तिथे छोटी नेरुम लाइनची गाडी जाते आणि जुना कापडाचा कारखाना पण बघून होतो. थंडीत जवळजवळ सगळं बंद असतं, तेव्हा उन्हाळ्यातच जा, आणि चक्की कुठल्या दिवशी उघडी ते आधी वेबसाइटवर बघून जा. बूट चांगले घाला, आवार फार मोठं आहे. आत चढायला मिळालं तर जिना म्हणजे जवळजवळ शिडीच असते, उतरताना तोंड जिन्याकडे ठेवूनच उतरा, मी शहाणपणा करून पुढे तोंड करून उतरत होतो, तिसऱ्या पायरीला पाय सटकला आणि नडगीवर जो टेंगूळ आला तो घरी परत आल्यावर पण आठवडाभर दिसत होता.